नर्सरीतून जंगलात: घाणेरीचा प्रवास

हा आपल्या नव्या भागाचा लेखी अवतार. बोलताना दोन-तीन ठिकाणी मी फारच भरकटलो होतो, तेवढं छाटलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

फेब्रुवारी लागला की पुण्यात नर्सऱ्यांसमोर गाड्यांची रांग दिसायला लागते. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन नुकतंच होऊन गेलेलं असतं, तिथली फुलं बघून आल्यावर आपल्या गॅलरीतल्या कुंड्या एकदम ओशाळवाण्या वाटतात, आणि पाडव्याच्या आत घरात काहीतरी फुलांचं यावं असं सगळ्यांनाच वाटतं. खरं तर आपल्याकडे रोपं लावायचा काळ मृगाचा. वसंत हा लावण्यापेक्षा विकत घेण्याचा हंगाम आहे. पण असो.

तर अशा एखाद्या नर्सरीत शिरा आणि पहिल्या रांगेपासून विचारत जा: बाबा रे, तू मूळचा कुठला? झेंडू मेक्सिकोचा. गुलबक्षी दक्षिण अमेरिकेची. पांढरा चाफा, देवळाच्या आवारात असतो तो खुरचाफा, तोही अमेरिकेच्या उष्ण भागातला. आपला खरा चाफा म्हणजे सोनचाफा. सदाफुली मादागास्करची. पानओवा, ज्याची आपण भजी करतो, तो आफ्रिकेतला, आणि इंग्रजीत त्याला कोणी मेक्सिकन पुदिना म्हणतं तर कोणी क्यूबन ओरेगानो. मेक्सिकोच्या झेंडूच्या मोठ्या जातीला आफ्रिकन म्हणतात आणि लहानीला फ्रेंच. आमच्या क्षेत्रात एवढी चुकीची नावं कोडमध्ये कोणी दिली तर रिव्ह्यू पास होणार नाही.

बोगनवेल तर सगळ्यात मजेशीर. 'वेल' ऐकून आपल्याला वाटतं, वेलीचंच नाव आहे. प्रत्यक्षात हा लुई-अंत्वान द बुगँव्हिल नावाचा फ्रेंच दर्यावर्दी. त्याच्या नावातल्या 'व्हिल'ची मराठी माणसाने वेल करून टाकली, आणि ती इतकी चपखल बसली की कोणाला शंकाही येत नाही. १७६६ ते १७६९ या काळात त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. बरोबर फिलिबेर कोमेर्सों हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि त्याचा एक मदतनीस. १७६७ मध्ये ब्राझीलमध्ये रिओला त्यांना ही वेल मिळाली. पुढे ताहितीला सगळ्यांना कळलं की हा मदतनीस बाई आहे. जान बारे तिचं नाव. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बायकांना बंदी, म्हणून ती पुरुषाच्या कपड्यांत चढली होती. कोमेर्सोंचा पाय दुखरा होता, त्यामुळे डोंगरदऱ्यांतून रोपं गोळा करायचं बरंचसं काम तीच करायची. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. शोध लावणाऱ्याला किंवा राबणारीला सोडून कप्तानाचं नाव झाडाला मिळालं, यात मला तरी नवल वाटत नाही.

ही यादी मी 'परदेशी झाडं हटाव' म्हणून वाचत नाहीये. झेंडूशिवाय दसरा कसा करणार? सदाफुलीतून १९५० नंतरच्या काळात व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधं निघाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात. कुंपणापलीकडे गेलं म्हणून कोणतं झाड वाईट होत नाही. प्रश्न वेगळा आहे, आणि तो माझ्यापुढे आला तो आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीमुळे.

आमची सोसायटी टेकडीला लागून आहे. मागची भिंत बुटकी, पलीकडे उतार आणि मग टेकडी. भिंतीच्या आतून झुडपांचं दाट कुंपण करायचं ठरलं, आणि 'तू तरुण आहेस, इंटरनेटवर बघून सांग' असं म्हणून चेअरमनकाकांनी काम माझ्या गळ्यात घातलं. मी सवयीप्रमाणे आधी अपेक्षांची यादी केली. पाणी कमी लागलं पाहिजे, कारण टँकर. जनावरांनी खाता कामा नये, कारण टेकडीवर शेळ्या येतात. छाटलं की आणखी दाट फुटलं पाहिजे. बारा महिने फूल हवं. आणि स्वस्त हवं.

नर्सरीवाल्या दादांनी यादी पुरती ऐकूनही घेतली नाही. "लँटाना न्या साहेब. पिवळा, गुलाबी, पांढरा, पाहिजे तो रंग. विसरून गेलात तरी मरत नाही. शेळी तोंड लावत नाही." आणि दादा शंभर टक्के बरोबर होते. यादीतली एकेक अट पूर्ण होत होती. फक्त लँटाना म्हणजे आपली घाणेरी. कोणी तिला टणटणी म्हणतं. टेकडीवर, घाटात, रस्त्याच्या कडेला जी खरखरीत पानांची, उग्र वासाची, एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं असणारी जाळी दिसते, ती. बुटक्या, नीटस केलेल्या जाती कुंडीत आल्या की नाव इंग्रजी होतं आणि किंमत लागते.

मग मी शोधायला लागलो, ही बया आली कुठून?

घाणेरी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. सतराव्या शतकात डच लोकांनी ती युरोपात नेली. तिथल्या काचघरांत बागवानांनी तिचे संकर केले, रंग वाढवले, फुलं मोठी केली. म्हणजे जंगलातलं एक झुडूप घेऊन त्याचं 'उत्पादन' झालं ते युरोपच्या बागांत. भारतात ती आली साधारण १८०९ च्या सुमारास, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात. शोभेचं झाड म्हणून, कुंपणाचं झाड म्हणून. थोडक्यात, आमच्या सोसायटीची जी गरज, तीच.

आता त्या काळात समुद्रावरून झाड आणणं म्हणजे काय होतं, ते बघा. जहाज सहा-सहा महिने पाण्यात. डेकवर कुंड्या ठेवल्या तर खारा वारा आणि लाटांचे शिंतोडे. खाली ठेवल्या तर अंधार. गोडं पाणी मोजकं, आणि माणसाला पुरत नाही तिथे रोपाला कोण देणार? 'बाउंटी' जहाजावरचं १७८९ चं बंड ऐकलं असेल. ते जहाज ताहितीहून हजारावर रोपं घेऊन निघालं होतं. कसली? नीरफणसाची! कोकणात ज्याचे काप तळतात तोच. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांना स्वस्तात पोसायला ती हवी होती. खलाशांनी कप्तानाला होडीत बसवून सोडून दिलं आणि रोपं समुद्रात फेकली. आणि चीनहून इंग्लंडला रोपं पाठवण्याबद्दल जॉन लिव्हिंगस्टन नावाच्या डॉक्टरने १८१९ मध्ये लिहिलं होतं की हजारातलं एखादंच जिवंत पोहोचतं.

इथे माझ्या डोक्यात एक गोष्ट आली, पटते का बघा. एवढ्या हालांतून जे झाड टिकत होतं, ते मुळात चिवटच असणार ना? म्हणजे समुद्र हीच एक चाळणी होती. नाजूक सगळं वाटेत गेलं. जे उतरलं ते असं, ज्याला पाणी नको, माया नको, आणि बियांवर किंवा काडीवर जे पुन्हा उभं राहतं. मग बंदरावर उतरलेल्यांतून बागवानाने पुन्हा चिवट तेच निवडलं, कारण त्यालाही कमी कष्टाचं हवं. मग लोकांनी कुंपणाला त्यातलंही सगळ्यात चिवट घेतलं. तीनदा चाळून आपण काय उरवलं, तर जिला मारणंच अवघड अशी घाणेरी.

कलकत्त्याचं हे उद्यान १७८७ मध्ये रॉबर्ट किडने ईस्ट इंडिया कंपनीसाठी सुरू केलं. नंतर विल्यम रॉक्सबर्गने ते इतकं वाढवलं की १८१४ मध्ये तिथल्या झाडांची यादी छापली तेव्हा ती साडेतीन हजारांच्या घरात होती. आजच्या भाषेत ही एक मध्यवर्ती रिपॉझिटरी. देशभरचे कलेक्टर, मळेवाले, लष्करी अधिकारी तिथून रोपं आणि बी मागवत, आपल्या बंगल्याभोवती लावत, आणि मग शेजारचा बंगला काडी मागून नेई. एकदा मध्यवर्ती ठिकाणी काही शिरलं की ते सगळीकडे जायला वेळ लागत नाही. आम्ही लोक हे वेगळ्या संदर्भात रोज अनुभवतो.

ती १८१४ ची यादी छापली श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीने. मराठी माणसाला हे नाव माहीत असायला हवं, कारण १८०५ चं मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश त्याचा. मूळचा चांभारकाम करणारा, मग मिशनरी, आणि या सगळ्याच्या आत झाडांचा वेडा. १८२० मध्ये त्याने कृषी आणि उद्यानविद्येची संस्था काढली. त्याचा एक किस्सा आहे. इंग्लंडहून त्याला बियांची पिशवी आली. बी काढून झाल्यावर तळाशी उरलेली माती वाया जाऊ नये म्हणून त्याने ती पिशवी सावलीतल्या जागेवर झटकली. काही दिवसांनी तिथे इंग्लंडच्या गवतात उगवणारं साधं डेझीचं फूल आलं. कॅरी १७९३ ला भारतात आला तो परत कधी गेलाच नाही. तीसेक वर्षांनी त्याला लहानपणीचं फूल दिसलं होतं. त्याला किती आनंद झाला हे त्याने पत्रात लिहून कळवलं.

हा किस्सा मला फार आवडतो, आणि थोडा घाबरवतोही. कारण ती डेझी कोणी पाठवली नव्हती. ती मातीतून आली, फुकट. डेझी बिचारी बंगालच्या उन्हात काय करणार. पण तशाच मातीतून दुसरं काही आलं असतं तर?

पुढे रोपं जिवंत न्यायचा प्रश्न सुटला तो योगायोगाने. लंडनच्या पूर्व भागात, कोळशाच्या धुरात, नॅथॅनिएल वॉर्ड नावाचा डॉक्टर राहायचा. त्याला नेचे वाढवायची हौस, पण धुराने सगळे मरायचे. १८२९ च्या सुमारास त्याने एका पतंगाचा कोष ओल्या मातीत, झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवला. पतंग यायच्या आधी मातीतून एक नेचा आणि गवताचं एक पातं वर आलं. दिवसा ओल काचेवर जमायची, रात्री परत मातीत उतरायची. बाटली त्याने खिडकीबाहेर ठेवली आणि ती रोपं जवळपास चार वर्षं थेंबभर पाणी न घालता जगली. झाकण गंजून आत पाणी शिरलं तेव्हा मेली. १८३३ मध्ये त्याने अशा काचेच्या दोन पेट्या सिडनीला पाठवल्या. रोपं धडधाकट पोहोचली. परतीच्या पेट्यांनी सिडनीचं ऊन, केप हॉर्नचा बर्फ, विषुववृत्तावरची काहिली सगळं पाहिलं आणि आतली ऑस्ट्रेलियन रोपं लंडनला हिरवीगार उतरली. वॉर्डची पेटी म्हणतात तिला. १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची हजारो रोपं हिमालयाच्या पायथ्याला आणली ती याच पेट्यांतून. मुंबईची राणीची बाग १८६२ ला खुली झाली आणि गणेशखिंडीचं वनस्पती उद्यान १८७३ चं, म्हणजे आपल्याकडची ही ठिकाणं उभी राहिली ती थेट या पेटीच्या जमान्यात.

पेटीत माती होती, हे विसरू नका. मातीत किडे, बुरशी, दुसऱ्यांचं बी. पेट्या फिरल्या तसे रोगही फिरले. भारतात आयात झाडांवर लक्ष ठेवणारा, विनाशकारी किडी आणि रोगांबद्दलचा कायदा झाला तो १९१४ मध्ये. तोपर्यंत घाणेरी येऊन शंभर वर्षं झाली होती, आणि तिला पेटीचीही गरज लागली नव्हती.

तर घाणेरीने केलं काय? तिचं काळं, रसाळ फळ बुलबुलासारखे पक्षी आवडीने खातात आणि बी दूर टाकतात. पान गुरं टाळतात. उपासमारीत खाल्लंच तर यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. कापली तर बुंध्यातून चार फांद्या येतात. जाळली तरी पुन्हा फुटते, आणि वाळलेली जाळी वणव्याला वर चढायला शिडी देते. तिच्या खाली गवत उगवत नाही. गवत नाही म्हणजे हरणाला चारा नाही, आणि हरणाला चारा नाही म्हणजे पुढचं तुम्हाला कळलंच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वाघांच्या प्रदेशातल्या जंगलांचा अंदाज बांधला: सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटरवर घाणेरी. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजारांच्या आसपास. म्हणजे अर्धा महाराष्ट्र, नुसती घाणेरी.

तिला मारायचे प्रयत्नही जुने आहेत. हवाईत ती १८५८ ला बागेसाठी आणली. १९०२ मध्ये तिथे चक्क मेक्सिकोहून तिला खाणारे किडे मागवले. तणावर कीड सोडून नियंत्रण करण्याचा जगातला हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. भारतातही असे किडे आले. पण युरोपातल्या संकरांमुळे घाणेरीचे इतके प्रकार झालेत की एकावर चालणारा किडा दुसऱ्याला विचारतही नाही. काचघरातल्या त्या हौशी बागवानांनी अनवधानाने किती मजबूत काम करून ठेवलं बघा.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं सांगितलं नाही, एवढा वेळ कोण देतो. पण एका काकूंनी अगदी रास्त मुद्दा काढला: "अरे, पण तिच्यावर फुलपाखरं किती येतात!" येतात, खरंय. मध प्यायला येतात. पण बहुतेकांच्या अळ्या त्या पानांवर वाढू शकत नाहीत. हॉटेल आहे, पाळणाघर नाही. दुसरा मुद्दा आला की काही नव्या जातींना फळ जवळजवळ धरतच नाही, मग काय बिघडलं? त्यावर माझं उत्तर असं: नर्सरीतल्या पिशवीवर तसं कुठेही लिहिलेलं नसतं, आणि स्वतःला फळ न धरणाऱ्या काही जातींचे परागसुद्धा टेकडीवरच्या झाडाला चालतात. भिंत बुटकी आहे आणि बुलबुल गेटवर नोंद करून येत नाही.

गंमत म्हणजे माझी अपेक्षांची यादी चुकीची नव्हतीच. आपल्या गावांत कुंपणाला पूर्वीपासून काय असायचं? अडुळसा, निर्गुडी, करवंद, कोरांटी. अडुळसा आणि निर्गुडीला शेळी सहसा तोंड लावत नाही, करवंद आणि काटेकोरांटीला काटे, पाणी कोणालाच फार नको. चिवटपणात हीही काही कमी नाहीत. फरक इतकाच की यांना खाणारे किडे, अळ्या, बुरशी इथेच हजारो वर्षं त्यांच्याबरोबर वाढलेत, त्यामुळे कोणीतरी त्यांना आवर घालतं. घाणेरी इथे आली तेव्हा तिचे शत्रू अमेरिकेतच राहिले होते. कोरांटीच्या कुळात तर कितीतरी फुलपाखरं अंडी घालतात, त्यामुळे काकूंचीही सोय झाली. बारा महिने फूल ही अट मात्र सोडावी लागली, आणि त्यावर दोन मतं विरोधात पडली. अडुळसा आणि निर्गुडीच्या काड्या एकांच्या गावाहून येणार आहेत, तेव्हा खर्च टेम्पोच्या भाड्याएवढा. लावणार अर्थात जूनमध्ये.

आता पलीकडच्या टेकडीचं. तिथे घाणेरी उपटायला काहीजण शनिवारी सकाळी जातात, मीही जातो. तुमच्याकडेही असा गट असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. नुसती कोयत्याने वरून छाटली तर पुढच्या पावसात ती दुप्पट येते. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेली पद्धत सोपी आहे: कुदळीने बुंध्याखाली जरा खोल जायचं, खोड आणि मूळ जिथे जुळतात त्याच्या तीन-चार बोटं खाली मुख्य मूळ तोडायचं, आणि अख्खं झुडूप उचलून उलटं, मुळं आभाळाकडे करून वाळत ठेवायचं. त्या जोडाच्या खालच्या मुळातून ती पुन्हा फुटत नाही. फळ धरायच्या आधी केलं तर उत्तम. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच स्थानिक गवताचं बी टाकायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं उगवणारी पिल्लं हाताने उपटत राहायचं. हातमोजे घाला, फांद्यांना बारीक काटे असतात. आणि उपटलेल्या काड्या चांगल्या जाड असतील तर फेकू नका. नीलगिरीतले आदिवासी कारागीर त्यांपासून खऱ्या आकाराचे हत्ती विणतात. २०२१ मध्ये असा अख्खा कळप लंडनच्या बागांमध्ये उभा होता.

पुढचा भाग नीरफणसावर करतोय, 'बाउंटी'ची गोष्ट तिथे सविस्तर. कोकणातल्या कोणाकडे जुनं झाड असेल तर फोटो नक्की पाठवा.